नाकाने शाळा राखणारे सर

देवाने माणसाला पाच ज्ञानेंद्रिये दिली, असे आम्हाला ज्यांनी शिकवले, त्या आमच्या शास्त्राच्या सरांना मात्र देवाने एकच दिले होते आणि उरलेल्या चारांचा ऐवजही त्यातच भरून टाकला होता. कानांनी त्यांना जरा कमी ऐकू येई. चष्मा नसला की तक्त्यावरचे हृदय आणि मूत्रपिंड त्यांना एकच दिसे. डब्यातल्या भाजीत मीठ घालायचे राहिले तर ते शेजारच्या शिक्षकांना कळे, सरांना नाही. पण नाक! पेणच्या आमच्या माध्यमिक शाळेच्या फाटकात ते प्रार्थनेआधी उभे राहत आणि आम्ही मुले त्यांच्यासमोरून एकेक करून अशी सरकत असू, जणू आढीतले आंबेच कोणी पारखून घेत आहे. "काल रात्री सुकट." "गडबच्या स्टॉपवरची भजी, तीही शिळ्या तेलातली." "आज आंघोळीला सुट्टी दिसते." हे सारे ते निर्विकारपणे सांगत. एकदा एका मुलाला थांबवून म्हणाले, "तुझ्या पिशवीत तंबाखूची पुडी आहे. पण ती तुझी नाही. म्हाताऱ्या माणसाच्या कोपरीत मुरलेला वास आहे तो." मुलगा रडवेला झाला. "आजोबांची हाय सर. सकाळी चुकून त्यांचीच पिशवी आनली मी." सरांनी पुडी कागदात बांधली, वर आजोबांसाठी दोन ओळींची चिठ्ठी लिहिली आणि त्याला मधल्या सुट्टीत घरी पिटाळले.

सर मूळचे घाटावरचे. राहत रोह्याला, आणि रोज पहिल्या एस.टी.ने पेणला येत. मुलांना व्यसन लागू नये, हा त्यांच्या आयुष्याचा एकमेव छंद होता आणि त्या छंदात त्यांना यश म्हणून कधी आले नाही. तंबाखूने जिवाची कशी माती होते हे आम्हाला प्रत्यक्ष दिसावे, म्हणून त्यांनी शाळेच्या अंगणातल्या एका किडक्या गुलाबाला महिनाभर तंबाखूचे पाणी घातले. गुलाबावरची सारी कीड मेली आणि जन्मात कधी फुलला नव्हता असा तो फुलला. मुख्याध्यापकांनी त्यातली दोन फुले आपल्या टेबलावर ठेवली. सर मात्र पुढे कितीतरी दिवस त्या झाडाकडे एखाद्या फितूर झालेल्या विद्यार्थ्याकडे पाहावे तसे पाहत असत.

पण त्यांची खरी फजिती झाली ती पोपटीने. आमच्याकडे हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, त्यावर शेंगा आणि बटाटे रचायचे, वरून पुन्हा पाला कोंबायचा, आणि मडके शेतात उपडे घालून भोवती जाळ करायचा, ही पोपटीची रीत. पेणचे पोर चालायला लागते तेव्हापासून त्याला तो पाला ठाऊक असतो. घाटावरच्या सरांना त्याची ओळख कोण करून देणार? एका सकाळी वर्गातल्या एका मुलाच्या पिशवीपाशी ते थबकले. त्यांचे नाक थरथरले. पिशवीत उग्र वासाचा हिरवा पाला खच्चून भरला होता. सरांनी पिशवी प्रयोगशाळेच्या कपाटात बंद केली, शिपायाला कपाटासमोर उभे केले आणि धापा टाकत मुख्याध्यापकांना गाठले. "गांजा, साहेब! आपल्या शाळेत!" मुख्याध्यापक आले. त्यांनी कपाट उघडले, मूठभर पाला नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि त्या मुलाला इतकेच विचारले, "शेंगा कुठायत रे? यंदा वाल बरा आलाय का तुमचा?"

त्या दिवसापासून सरांच्या नाकाचा दरारा संपला. ते दिसले की मागच्या बाकांवरून कोणीतरी "गांजा, साहेब!" असे हळूच म्हणे. सरांना ते ऐकू येत नसे, असे आम्ही धरून चाललो होतो.

येथवरचे सांगताना मला हसू येते. पुढचे सांगताना येत नाही. पण ते गाळून हे व्यक्तिचित्र पुरे करणे म्हणजे त्या वेळी मी केलेली लबाडीच पुन्हा करणे होईल.

आमचे घर हमरापूरचे. घरातच गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. नववीत असताना, रंग पातळ करायच्या थिनरचा नाद मला लागला होता. कसा लागला, याचे कारण मी पुष्कळ शोधले. सांगण्याजोगे एकही सापडले नाही. कारखान्याच्या मागच्या पडवीत मी चिंधी नाकाशी धरून बसे, डोके हलके होई, आणि मग दिवसभर तेच डोके ठणके. परीक्षेत मी खाली गेलो, जेवण तुटले, बोटे थरथरू लागली. घरात कोणाच्या ध्यानात आले नाही. ज्या घरात भिंतींनाही थिनरचा वास येतो, तेथे एका मुलाचा वास कोणाला येणार?

तो सरांना आला. पोपटीच्या फजितीला महिनाही झाला नव्हता. प्रार्थनेच्या रांगेत, सगळ्या शाळेदेखत, ते माझ्यापुढे थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "तू थिनर हुंगतोस का रे?"

मी म्हणालो, "आमचा कारखाना हाय सर. कपड्यांना वास येनारच."

"कपड्यांना नव्हे. श्वासाला येतोय."

मी मुलांकडे पाहिले, मुख्याध्यापकांकडे पाहिले, आणि म्हणालो, "सर, तुम्हाला तर पोपटीच्या पाल्यातपन गांजा दिसतो."

सगळी शाळा हसली. मुख्याध्यापकही हसले. सर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते फक्त एक पाऊल मागे सरले. ते पाऊल मी अजून विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी माझे वडील शाळेत आले. "तीन पिढ्या आमी बाप्पाच्या रंगात हात घातले, मास्तर. पोराच्या अंगाला रंगाचा वास नाय येनार, तर काय अत्तराचा येनार? आमच्या धंद्याला नावं ठेवू नका." सरांनी वडिलांपुढे हात जोडले. "चुकलं माझं," ते म्हणाले. मी दाराशी उभा होतो. घंटा झाली तसा वर्गात जाऊन बसलो.

पुढच्या रविवारी सर आमच्या कारखान्यात हजर! सुट्टीच्या दिवशी, रोह्याहून एस.टी.ने, कापडी पिशवीत स्वतःचा कुंचला घेऊन. म्हणाले, "मला ही कला शिकायची आहे." वडील बुचकळ्यात पडले, पण घरी आलेल्या मास्तरांना नाही कोण म्हणणार? डोळ्यांची आखणी त्यांच्या हाती देणे अशक्यच होते. त्यांनी आखलेला पहिला गणपती, वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखा छताकडे पाहू लागला. मग वडिलांनी त्यांना उंदीर दिले. सरांनी शेकडो उंदीर रंगवले आणि त्यांतला प्रत्येक उंदीर खिशात काहीतरी लपवून फाटकातून आत येत असल्यासारखा ओशाळा दिसे.

बसायला पाट दिला तर तो त्यांनी नाकारला. "गुडघे दुखतात. उंच बरं पडतं," असे म्हणून ते थिनरच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यावर जाऊन बसले. त्यानंतर दर रविवारी, आणि मे महिन्याच्या सुट्टीत तर रोज, ते त्याच डब्यावर बसले. कारागिराला थिनर लागले की सर उठत, स्वतःच्या हाताने वाटीभर ओतून देत, झाकण घट्ट लावत आणि पुन्हा बसत. "उबवताय काय सर डबा?" वडील म्हणत. "उठा की वाईच!" सर ऐकू न आल्यासारखे करत आणि मला हाक मारत. "इकडे ये. उंदराला शेपूट लाव. आणि पाऱ्याचं चिन्ह सांग."

पहिले काही दिवस मला त्यांचा असा संताप येई की त्यांच्या पुढ्यातले सारे उंदीर फोडून टाकावेत. डोके दुखे, अंग कसनुसे होई. थिनरविषयी त्यांनी मला एकदाही काही विचारले नाही. शेपट्या लावता लावता, मूलद्रव्यांची चिन्हे सांगता सांगता, एका संध्याकाळी माझ्या लक्षात आले की आज मागच्या पडवीची आठवणही झाली नाही. शाळा उघडायला चार दिवस उरले असताना वडिलांनी तो डबा मुकाट्याने कपाटात ठेवला आणि कुलपाची किल्ली करगोट्याला बांधली. त्यांना केव्हा उमगले ते मला अजून ठाऊक नाही. सरांनी कपाटाकडे पाहिले, कुंचला धुतला आणि साडेपाचची गाडी पकडली. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत.

पुढे मीही शिक्षकच झालो. सरांची क्षमा मागायला मात्र मला तीस वर्षे लागली. रोह्याला, त्यांच्या मुलीच्या घरी, मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सारे सांगितले. ते हसले. "ठाऊक आहे रे. डब्यावर काय मी हौसेने बसत होतो? दोन पँटी गेल्या माझ्या." मग म्हणाले, "चूक माझीच होती. सगळ्या शाळेसमोर विचारलं मी तुला. सगळ्या शाळेसमोर कोण खरं बोलतो? मी तरी बोललो असतो का? बाजूला घ्यायला हवं होतं. तुझ्या वडिलांची माफी मागितली. तुझी राहूनच गेली." असे म्हणून त्यांनी खरोखरच हात जोडले. मी ते घाईघाईने धरले. जी माफी मागायला मी गेलो होतो, ती मला धड मागताच आली नाही.

आता माझ्या शाळेत एखाद्या मुलाविषयी शंका आली की मी त्याला प्रयोगशाळेमागच्या बाकावर घेऊन जातो आणि अगदी हळू आवाजात, एकदाच विचारतो. पहिल्या दिवशी तो बहुधा "नाय सर" असेच म्हणतो. मी बरे म्हणतो. थोडा वेळ त्याच्याजवळ बसतो, आणि उद्या मधल्या सुट्टीत पुन्हा ये, असे सांगून त्याला वर्गात पाठवतो.