आबाजींच्या मासिकांचं नवं बिऱ्हाड

मारुतराव माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल, आणि त्या खुशाल घाला, पण हे लक्षात असू द्या. बार्शीकडचा गडी, दापोडीच्या वर्कशॉपात फिटर. विडी नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात नाही. नाद एकच, रेडिओचा. पगारात विकतचा रेडिओ बसत नव्हता, म्हणून घरीच फळीवर तारा गुंडाळून तो स्वतःच सेट बनवायचा. कानाला लावलेल्या डबीतून मुंबईचं गाणं बारीक ऐकू आलं, की बायकोला म्हणायचा, "ऐक, ऐक!" बायको म्हणायची, "डास गुणगुणतोय."

चिंचवड गावात आबाजी राहत. घरची शेती, पण लढाईच्या दिवसांत ते देहूरोडच्या लष्करी डेपोत वायरलेसच्या कामाला होते. गोरे साहेब मायदेशी गेले तेव्हा त्यांनी टाकून दिलेली रेडिओची इंग्रजी मासिकं आबाजींनी बैलगाडीत भरून घरी आणली. दीडशेच्या वर अंक! गावाला वाटलं, म्हातारा चळला. मारुतरावाला मात्र घबाड सापडलं. दर रविवारी सायकल मारत तो चिंचवडला यायचा आणि एक अंक उसना न्यायचा. इंग्रजीचं एक अक्षर त्याला कळत नव्हतं, पण आकृती सगळी कळायची. फिटरच ना तो!

आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. वर्कशॉपात नकाशा पत्र्यावर चिकटवतात, त्यावरूनच पंच मारून भोकांच्या खुणा करतात, आणि काम झालं की कागद भंगारात जातो. मारुतरावाचा हात त्याच वळणाचा. त्यानं मासिकातलं आकृतीचं पान पट्टी लावून ब्लेडनं कापलं, खळ लावून फळीवर चिकटवलं आणि जिथं ठिपका तिथं खिळा ठोकला. सेट झकास वाजला. पान गेलंय हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा पान कुठलं उरलंय? त्याची चाळणी झाली होती.

अंक त्यानं तसाच परत नेऊन ठेवला, आणि दोन महिन्यांनी आबाजींना पान नसल्याचं दिसलं. सावित्रीबाई, म्हणजे त्यांची बायको, धान्याच्या डब्यांत खाली जुनं वर्तमानपत्र कापून घालायची. झालं! आबाजी कडाडले, "माझ्या मासिकाला कात्री लावलीस?" ती बिचारी म्हणाली, "न्हाई हो, मोरयाची आण." मारुतराव तिथंच बसला होता, हातात तिनंच दिलेला चहा. आत्ता सांगावं असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण म्हातारा फार तापला होता. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाला.

हे झालं एक्कावन्न साली. तो उद्या सहा वर्षं उजाडला नाही.

आणि खरं पाप पुढंच आहे. त्यानं आणखी दहा पानं कापली. कापताना हात थांबायचा नाही, कारण नाव आयतं दुसऱ्याचं झालं होतं. आबाजींचा राग हळूहळू थट्टेवर आला. पाहुणा आला की म्हणायचे, "आमच्या बाईला कात्री दाखवू नका बरं, ती वेदसुद्धा कापून डब्यात घालंल!" लोक खो खो हसायचे. सावित्रीबाई पदर सावरून आत जायची. मारुतरावाला त्या दिवशी जेवण गोड लागत नसे, आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा येत असे. आता सांगा, काय म्हणायचं अशा माणसाला?

सत्तावन्न साली आबाजींना मोतीबिंदूनं दिसेनासं झालं. त्यांनी मारुतरावाला बोलावलं. "मारुती, मला आता ही मासिकं असून नसल्यासारखी. तूच त्यांना चांगलं घर बघून दे. तुला किंमत हाय त्यांची."

चांगला वाचणारा भेटला, की मारुतरावाची चोरी उघडी पडायची. स्वतःसाठी मागून घ्यावीत, तर दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं. रद्दीत घालावीत, तर म्हाताऱ्याचा जीव जाईल. मग त्यानं असं घर शोधायला घेतलं, की जिथं ही मासिकं कुणी उघडणारच नाही. शाळेत गेला. हेडमास्तर म्हणाले, इंग्रजी नको. वाचनालयात गेला. तिथं एक कपाट होतं, कुलूप दाबलं की लागायचं, पण किल्लीच हरवलेली. मारुतराव इतका खूश झाला, की वाचनालयवाल्याला वाटलं ह्याला देव भेटला.

आबाजींनी ऐकून मान हलवली. "कुलपात घालायला मी मासिकं आनली व्हती व्हय? वाचनारा मानूस बघ."

वाचणारा माणूस होता, आणि मारुतरावाला तो ठाऊक होता. पिंपरीच्या नव्या औषधाच्या फॅक्टरीत ज्योतीराम नावाचा नगरकडचा वायरमन लागला होता, मॅट्रिक झालेला, रेडिओचा वेडा. महिनाभर टाळून शेवटी मारुतरावानं सगळे गठ्ठे हातगाडीवर घालून त्याच्या खोलीवर पोचवले. गठ्ठे उतरवताना ज्योतीरामाला सांगत होता, "जुने अंक आहेत राव, फाटलेतुटलेले असायचे."

पुढच्या रविवारी ज्योतीराम आबाजींचे आभार मानायला आला. मारुतराव होताच. सावित्रीबाई चहा घेऊन आली.

"अंक सोन्यासारखे आहेत, आबा," ज्योतीराम म्हणाला. "फक्त अकरा पानं नाहीत."

"आमच्या बाईची कात्री!" आबाजी हसले.

"कात्री? छे! कात्रीची कड अशी नसते, आबा. पट्टी लावून ब्लेडनं कापलंय, एका हातात, सुतासारखं सरळ. हा मेस्त्री माणसाचा हात आहे."

आबाजींचं हसू तोंडावरच राहिलं. डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी त्यांनी मान वळवली ती बरोबर मारुतरावाच्या बाजूला. त्या घरात मेस्त्री येत होता तो एकच.

"मीच कापली, आबा," मारुतराव म्हणाला. "अकराही मीच." पण आता कबूल केलं म्हणायलाही तोंड राहिलं नव्हतं. आपण पकडले गेलो आहोत, हे त्याला कळत होतं. लाजेनं त्याचे कान पेटले.

आबाजींनी चाचपत शेजारची जागा मोकळी केली. मग म्हणाले, "सावित्रे, हितं ये. बस माझ्यापाशी." सहा वर्षांत त्यांनी तिला असं बोलावलं नव्हतं. ती बसली नाही. कपबशी खाली ठेवून उभीच राहिली.

"मलाच वाटाया लागलं व्हतं," ती म्हणाली, "की कापलं आसंल म्याच कवातरी. इतक्या मान्सांम्होरं इतक्यांदा आयकलं, की मला माझाच भरवसा ऱ्हायला न्हाई. गेल्या चतुर्थीला मोरयाम्होरं नाक घासलं म्या, मारुतराव. म्हनलं, देवा, माझ्या हातनं झालं आसंल तर पदरात घे."

मारुतराव पाया पडायला वाकला. तिनं पाय मागं घेतले.

"माझ्या पाया पडून काय व्हनार? मी देवाला खोटं सांगून आले." तिनं खुंटीवरचा शेला अंगावर घेतला. "घाला चपला. त्येच्याम्होरं उभं ऱ्हा आन् तुमच्या तोंडानं सांगा."

आबाजी काहीतरी म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. ती पुढं चालली, भर दुपारी, गावाच्या मधल्या रस्त्यानं, मोरयाच्या देवळाकडं. ओट्यांवरच्या बायका विचारत होत्या, "सावित्रीबाई, कुठं निघालात ह्या येळंला?" ती कुणाला उत्तर देत नव्हती. मारुतराव चार पावलं मागं चालत होता, आणि बायका आता त्याच्याकडं बघून विचारत होत्या.