दुसऱ्या फेरीचे फॉर्म

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माझ्या गाईडना तर नाहीच. आत्ताही लिहिताना दाराची कडी दोनदा पाहून आले – घरात दुसरं कुणी नाही, तरी.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माझी पीएच.डी. एका प्रश्नावलीवर आहे. किशोरवयीन मुलांनी ती स्वतःच भरायची. दुसऱ्याच्या दुःखाने ज्यांना काहीच होत नाही, खोटं बोलून पस्तावा होत नाही – असा स्वभाव, ज्याला आम्ही सायकोपॅथी म्हणतो, त्याच्या खुणा तिच्यातून कळाव्यात. विधानं साधी. ‘कुणाला रडताना पाहिलं की मला वाईट वाटतं.’ पटतं की पटत नाही, त्यावर गोल करायचा. पण हे माप भरवशाचं आहे हे आधी दाखवावं लागतं. त्यासाठी तीन आठवड्यांनी त्याच मुलांकडून तेच पुन्हा भरून घ्यायचं. उत्तरं जुळली तर ठीक. नाही जुळली तर – सगळं मुसळ केरात.

शेंदूरजनाघाटच्या शाळेत दुसऱ्या फेरीला गेले, तर नववीचे निम्मे बाक रिकामे. संत्र्याची तोड सुरू झाली होती. “पोट्टे बगिच्यात गेले मॅडम, आता पंधरा दिवस काई येत नाई,” शिपाई म्हणाला. माझं माहेर वरुडचं, संत्र्याच्या बगिच्यातलंच. तारीख ठरवताना हे माझ्या लक्षात यायला नको होतं का? पुन्हा जायला हवं होतं. पण प्रबंध द्यायची तारीख डोक्यावर आली होती आणि मुदतवाढ मागायची मला भीती वाटली. गाईड काय म्हणतील, याची.

ते फॉर्म मी घरी बसून भरले. चाळीसेक असतील. पहिल्या फेरीचा फॉर्म शेजारी ठेवायचा, बहुतेक गोल तसेच करायचे, मध्येच एखादा बदलायचा – हुबेहूब दिसायला नकोत. पेनं बदलली. मुलांचे फॉर्म चुरगळलेले असतात, माझे कोरे करकरीत दिसत होते, म्हणून दोन दिवस गादीखाली दडपून ठेवले. उत्तरं छान जुळली. जुळणारच.

मग डॉक्टरेट, शाल-श्रीफळ. प्रश्नावली शाळांत, वसतिगृहांत वापरली जाऊ लागली. कुणी तिची प्रत मागितली की माझ्या मनात पहिला विचार यायचा – मूळ फॉर्म मागितले तर? इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही की ती भरणाऱ्या मुलांचं काय होत असेल. मी फक्त स्वतःसाठी घाबरत होते.

आणि मागच्या वर्षी ती बाई आली. अकोटची, भाजी पिकवून बाजारात विकणारी. तिच्या चौदा वर्षांच्या मुलीला एका वसतिगृहाने प्रवेश नाकारला होता. त्यांनी माझी प्रश्नावली भरून घेतली होती, आणि अहवालात ‘इतरांना धोका संभवतो’ असं आलं होतं. कागदावर माझं नाव होतं, म्हणून एसटीने, विचारत विचारत, ती कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझ्यापर्यंत पोचली.

“माही पोरगी अशी नाई वाटत मले,” ती म्हणाली. “हा कागद खरा हाय का? तुमी सांगा मॅडम, तुमचं खरं.”

एका वाक्याचं काम होतं – ताई, यावर जाऊ नका, हे माप मीच खोटं केलंय. शेजारच्या टेबलाशी सहकारी बसले होते. मी म्हणाले, “कागद बरोबर आहे.”

वाटलं होतं, भांडेल. पण ती हळूच म्हणाली, “घरी तिचा ल्हान भाऊ हाय. मेथी-पालक कापाले तीच बसते माह्यासंग. मंग... विळा लपवून ठेवू का?”

ती मुलगी कशी आहे, मला माहीत नाही. मी तिला पाहिलेलंही नाही. माझ्या प्रश्नावलीलाही ते माहीत नव्हतं, आणि हे जगात फक्त मला ठाऊक होतं. एक आई माझ्यासमोर बसून स्वतःच्या लेकीला घाबरायला लागली होती.

मी म्हणाले, “ठेवलेला बरा.”

“बरं झालं सांगतलं,” ती म्हणाली. कागदाची घडी करून पदराला बांधली आणि अकोटच्या गाडीला निघाली. मी तिला हाक मारली नाही. आजपर्यंत काही कळवलेलंही नाही.