अठ्ठ्याण्णव म्हणजे ठणठणीत

व्हर्ना होलुबने शाळेतली नर्स म्हणून एकतीस वर्षं पोरांच्या जिभेखाली थर्मामीटर धरला. अठ्ठ्याण्णव दिसलं की पोराला वर्गात पिटाळायचं, एकशे एक दिसलं की त्याच्या आईला फोन करायचा. अमेरिकेतल्या नेब्रास्कात फॅरनहाइटशिवाय दुसरं माप हवंय कुणाला?

वसंतात ट्रक उलटून तिचा मुलगा डेरिल गेला. मागे राहिला त्याचा कॉम्प्युटर, आणि त्यात त्याने गिटारवर म्हटलेली गाणी. व्हर्ना रोज दुपारी ती ऐकायची. पडद्याच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर किती तापलाय त्याचा आकडा असायचा. "आई, तो सेल्सियसमध्ये असतो," डेरिलने एकदा सांगितलं होतं. "तुझी परदेशी मापं तुझ्यापाशीच ठेव," असं म्हणून तिने त्याला उडवून लावलं होतं.

ऑगस्टात आतला पंखा घरघरू लागला. व्हर्नाने आकडा बघितला, अठ्ठ्याण्णव. "काही झालेलं नाही तुला," ती कॉम्प्युटरला म्हणाली, आणि ऐकत बसली. गाणं अर्ध्यावर थांबलं. मग करपल्याचा वास आला.

दुरुस्तीवाला लेलंड लहानपणी तिच्याच हाताखालून गेलेला. त्याने कॉम्प्युटर उघडून बघितला. "व्हर्नाबाई, त्या मापात शंभरला पाणी उकळतं," तो म्हणाला. "आतलं काहीच वाचलं नाही."

आता घरात नवा कॉम्प्युटर आहे आणि व्हर्नाला ते मापही अंगवळणी पडलंय. सदतीस म्हणजे धडधाकट माणसाच्या अंगाची ऊब. कोपऱ्यात सदतीस दिसलं की ती त्याच्यावर हात ठेवून बसते. त्यात एकही गाणं नाही.