वीज किती लांब, ते शांताक्काला विचारा

मी चौतीस वर्षं दगडखाणीत सुरुंग लावले. न मोजता केलेलं काम मला चालत नाही. म्हणून शांताक्काबद्दल लिहितो.

शांताक्का उमरग्याजवळच्या आमच्या गावात शाळेची खिचडी शिजवते. शिक्षण सातवी. वाढताना ती पोरांना रोज एक नवी गोष्ट सांगते. शेळीच्या डोळ्याची बाहुली आडवी असते, म्हणून मान न वळवता तिला जवळजवळ पाठीमागचंही दिसतं. एसटीच्या काचेवरच्या वायपरची युक्ती शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका बाईला सुचली. मोठी गार कापली तर आत कांद्यासारखे थर दिसतात.

हे सगळं तिला मुलीच्या जुन्या पुस्तकांतून मिळतं. पण करून बघता येईल ते ती करून बघितल्याशिवाय सांगत नाही. गारपीट चालू असताना डोक्यावर पातेलं धरून अंगणात गेली, गार आणली आणि विळीवर चिरली.

एकदा तिनं सांगितलं, "वीज चमकली की मोजायला लागा. गडगडाटापर्यंत तीन झाले, तर वीज एक किलोमीटरवर. तीसच्या आत आवाज आला, तर पक्क्या घरात जायचं."

मी कट्ट्यावर बसलो होतो. म्हणालो, "अक्का, सुरुंगाचंबी तसंच. धूर आधी, आवाज मागनं. पण तुमचं तीन म्हणजे किती?"

"तीन म्हणजे तीन, बब्रुवानमामा."

"मग उद्या दाखवा."

खाणीपासून बरोबर एक किलोमीटरवर हमरस्त्याचा किलोमीटरचा दगड आहे. तिथं तिला उभं केलं. दुपारी सुरुंग उडाला. धुरळा दिसताच अक्का मोजायला लागली आणि आवाज आला तेव्हा सातवर होती. रांगेतली ताटं मोजून मोजून तिला भराभर मोजायची सवय लागली होती.

"खाणच लांब आसंल, मामा."

"खाण हाय तिथंच हाय. तुमचं तोंड पळतंय."

ती चिडली नाही. भांडी घासून झाल्यावर आठ दिवस शाळेच्या घड्याळासमोर बसली. 'एक भाकरी, दोन भाकरी' असं सावकाश म्हटलं की काटा बरोबर एक घर सरकतो, हे तिला सापडलं. पुन्हा दगडापाशी गेलो. तीन भाकरी. पुढच्या दगडापाशी सहा. दोन्ही वेळा मी खोट काढायला बघितलं. निघाली नाही.

मार्चमध्ये शाळेचं वनभोजन होतं. तलावाकाठच्या चिंचेखाली एकेचाळीस पोरं, मुख्याध्यापक बालाजी सर, अक्का आणि चूल. लाकडं मी वाहून नेली होती. डोक्यावर ऊन. कर्नाटकाच्या अंगाला मात्र आभाळ काळं झालं होतं. तिकडं वीज चमकली. पोरं आपणहून अक्कानं शिकवलेल्या भाकरी मोजायला लागली. चोवीस भाकरी.

अक्कानं चुलीतली लाकडं ओढली.

सर म्हणाले, "अक्का, खिचडी कच्ची हाय. वर ऊन हाय. पाऊस आलाच तर एवढी मोठी चिंच हाय की."

"म्हणूनच थांबायचं न्हाय. आजूबाजूला हिच्याएवढं उंच काय हाय?"

"आठ किलोमीटर लांब हाय, तुम्हीच म्हणता."

"पुढची तेवढ्याच लांब पडंल, असं लिहून दिलंय का तिनं?"

सृष्टी नावाची चौथीतली पोरगी म्हणाली, "सर, भूक लागलीय." सरांनी पातेल्याकडं बघितलं. अक्का चुकली असती, तर एकेचाळीस पोरं उपाशी आणि गावभर हसं. तेवढ्यात परत चमकलं. पंधरा भाकरी.

"खिचडी राहू द्या," सर म्हणाले. "चला."

ग्रामपंचायतीची स्लॅबची खोली तिथून चारशे पावलांवर. ओळीनं गेलो. अक्का सगळ्यात मागं. वाटेत पोरांनी नऊ मोजले, दारात पाच. शेवटचं पोर आत आलं, दार लावलं आणि उजेड व आवाज एकदमच झाले. 'एक' म्हणायलाही कुणाला वेळ मिळाला नाही.

अर्ध्या तासानं सगळं शांत झालं. मी आणि सर तलावाकडं गेलो. चिंच शेंड्यापासून बुडापर्यंत उभी फाटली होती. साली वीस पावलांपर्यंत उडाल्या होत्या. पोरं जिथं बसली होती, तिथं खोडाचा एक लांब तुकडा जमिनीत रुतला होता. मी आयुष्यभर दगड फुटताना बघितले, पण इतका साफ घाव नाही बघितला.

परत आल्यावर सरांनी पोरं स्वतः मोजली. एकेचाळीस. पुन्हा मोजली. तेवढीच. मग म्हणाले, "अक्का, सोमवारपासून विज्ञानाचा एक तास तुमचा. मीबी मागं बसीन."

अक्कानं शेजारच्या घरातून तांदूळ, डाळ आणि मोठं पातेलं मागून आणलं होतं. तिनं तांदळाचं सूप सरांपुढं सरकवलं.

"तास घेते. आधी एवढे निवडा. खडा राहता कामा न्हाय."

सर मांडी घालून बसले. पोरं हसायला लागली. सरांनी तांदूळ नीट निवडले, मी तपासले. त्या दिवशी प्रत्येक पोरानं दोनदा वाढून घेतलं.