शेपटीवरचा पट्टा

१७ डिसेंबर १९९४ रोजी चार हजार सातशे तीस रुपये हातावर ठेवून सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलनं भटू सैंदाणेला मोकळं केलं. एकोणीस वर्षं तो तिथं ट्रेसर होता. साडीच्या डिझाइनमधला एकेक रंग वेगळ्या फिल्मवर ब्रशनं उतरवायचा आणि त्यावरून छपाईची स्क्रीन बनवून घ्यायची, हे त्याचं काम. ते आता कॉम्प्युटर करू लागला होता.

गोडादऱ्याच्या खोलीत बायको लीला आणि मुलगी हर्षदा. हर्षदाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती. खोली सुटली तर गावी, दोंडाईच्याच्या बाजूला जावं लागणार, आणि गावी गेलं की भटूचा थोरला भाऊ हर्षदाचं लग्न उरकणार हे घरात तिघांनाही माहीत होतं. स्थळ त्यानं दिवाळीतच पाहून ठेवलं होतं. मार्चपर्यंत सुरतेत टिकायचं, एवढंच भटूला दिसत होतं.

पंधरा दिवस तो मिलच्या फाटकांवर फिरला. मग उधन्यात किरीटभाईंकडे काम आहे असं कळलं. किरीटभाई प्लास्टिकची खेळणी बनवायचे. मुंबईच्या एका निर्यातदारानं त्यांना विमानांच्या छोट्या मॉडेलचं काम दिलं होतं: दुसऱ्या महायुद्धातलं जपानी लढाऊ विमान, तळहाताएवढं. त्यावर पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा छापायच्या होत्या. परदेशातली मोठी माणसं ही मॉडेलं हौसेनं जोडतात आणि खुणेत केसाएवढी चूक असली तरी माल परत करतात, असं निर्यातदारानं बजावलं होतं. खुणा शोधून काढायचं कामही छापणाऱ्याचंच.

"भटुभाई, आमा भूल नहीं चाले, चूक चालणार नाही," किरीटभाई म्हणाले. "खर्च आधी तुमचा. नमुना पास झाला की खर्च देतो आणि तुम्हाला कायम करतो. नापास झाला तर मी तुम्हाला ओळखत नाही."

ते हसत म्हणाले, पण भटूला हसू आलं नाही. त्यानं हो म्हटलं.

हातात एक काळापांढरा फोटो मिळाला. धावपट्टीवर उभं असलेलं एक विमान. अंगावर जपानचा सूर्य, म्हणजे लाल गोळा; तो तर सगळ्यांना ठाऊक होता. शेपटीवर एक तिरका पट्टा आणि त्याच्या टोकाला गळासारखं वळण. पट्टा कोणत्या रंगाचा?

शहरातल्या मोठ्या वाचनालयात त्याला एक जाड पुस्तक मिळालं, त्यातून एवढंच समजलं की एका दलाच्या वेगवेगळ्या तुकड्या शेपटीवर वेगवेगळा रंग लावत: पांढरा, लाल, पिवळा, कधी निळा. रंगीत चित्रांची पुस्तकं नानपुऱ्यातल्या एका पारशी गृहस्थाकडे होती म्हणे. पण सप्टेंबरात प्लेगच्या धास्तीनं तो गाव सोडून गेला तो परतलाच नव्हता. भटू दोनदा जाऊन ते कुलूप पाहून आला.

मग तो फोटोच घेऊन बसला. भिंग लावून त्यानं गोळ्याचा करडा आणि पट्ट्याचा करडा शेजारी शेजारी तपासला. दोन्ही अगदी एकसारखे. त्याच्या मनात एकदम उजेड पडला. मिलच्या डार्करूममध्ये लाल दिवा जळतो तो का? कारण फिल्मला लाल रंग दिसत नाही. लाल तिला काळोखासारखा. निळा तिला पांढऱ्यासारखा उजळ दिसतो. पट्टा निळा असता तर फोटोत फिका आला असता. तो गोळ्याइतकाच गडद आहे, म्हणजे लालच.

एकच गोष्ट खटकली. विमानाची चाकं कुळकुळीत काळी होती आणि गोळा तेवढा काळा नव्हता. मिलच्या फिल्मवर लाल कधी असा अर्धवट येत नसे. रंग उन्हानं विटला असेल, असं म्हणून भटूनं भिंग खाली ठेवलं.

"जेवन करी ल्या ना," लीला म्हणाली. "ते इमान काय पोट भरी का?"

"भरी," भटू म्हणाला. "तेच भरी."

किरीटभाईंना लाल पट्टा आवडला; गोळा आणि पट्टा एकाच रंगात निघून एक स्क्रीन वाचत होती. तरी निर्यातदाराला पुरावा हवा होता. तेव्हा शेजारच्या लखननं सांगितलं की उधन्याच्या रेल्वे लाइनीजवळ श्रीपतबाबा राहतात, रेल्वेत खलाशी होते, त्याआधी लढाईत ब्रह्मदेशात मजूर म्हणून गेलेले. त्यांनी म्हणे जपान्यांची विमानं हातानं ढकलली आहेत.

श्रीपतबाबा मूळचे भुसावळकडचे. दार निळं, आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. म्हातारा सत्तरीच्या पुढचा, पण ताठ. भटूनं फोटो पिशवीतच ठेवला होता. आधी विचारलं, शेपटीवर काय होतं आठवतं का? बाबांनी बोटानं जमिनीवर तिरकी रेघ ओढली आणि टोकाला वळण दिलं.  हुबेहूब तीच खूण.

"धावपट्टी मोकळी करायला आम्हाला लावलं होतं. तीन विमानं ढकलली. दोन विमानांचे पट्टे पिवळे आणि एकाचा निळा. आणि हे वळण होतं ते निळ्यालाच."

"निळा?"

"या दारासारखा."

भटूनं फोटो काढून समोर धरला, फिल्मचं सगळं समजावून सांगितलं. बाबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुझी फिल्म असेल हुशार. पण ती काय माझ्याबरोबर ढकलायला होती?"

 भटूचे सगळे पैसे फिल्म, स्क्रीन आणि मुंबईहून आणलेल्या कागदात गेले होते. लाल नमुना छापून तयार होता. तो हसण्यावारी नेत म्हणाला, "बाबा, तुमच्या घरात सगळं निळंच. तुम्हाला निळाच आठवणार."

रंभाबाई, बाबांची बायको, चहा ओतत होती. तिचा हात थांबला.

"भाऊ, कप घ्या," ती म्हणाली. "तुमच्यासाठी वेगळा काढलेला नाही. चालत असेल तर घ्या."

भटूनं घाईघाईनं कप उचलला आणि जीभ भाजून घेतली. बाबा मात्र हसले. "अरे, तो पट्टा पाहिला तेव्हा मला आमच्या निळ्याचं काही माहीत नव्हतं. विमानाला तर नव्हतंच. खूण मी सांगितली तशी लिहून घे, सही करतो. पण रंग लाल लिहिलास तर सही नाही."

भटूनं सही घेतली नाही. लाल नमुना, फिल्मच्या खुलाशासह, मुंबईला गेला.

जानेवारी सरला. घरभाडं थकलं. लीला साड्यांच्या घड्या घालायला जाऊ लागली, तिथंही अर्धे दिवस माल नसे. भटू रोज उधन्याला पायी जाई. किरीटभाई दुरूनच 'अजून काही नाही' असा हात हलवत. हर्षदा स्टोव्हजवळ बसून मोठ्यानं भूगोल पाठ करी आणि भटूला वाटे, हिचा आवाज मालकाला ऐकू जाईल आणि तो भाडं मागायला येईल.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात किरीटभाईंनी बोलावलं. टेबलावर एक रंगीत फोटो होता. ग्राहकानं तिकडून पाठवलेला. तीच धावपट्टी, तेच विमान, तेच वळण. पट्टा निळा.

"ते लोक म्हणतात, काळापांढरा फोटो दुसऱ्या जातीच्या फिल्मवर काढलेला. त्या फिल्मला लाल दिसतो. त्यामुळे लाल आणि निळा एकसारखे आलेत," किरीटभाई म्हणाले. ते ओरडले नाहीत, हे जास्त वाईट होतं. "काम मुंबईच्या दुसऱ्या छापणाऱ्याकडे गेलं, भटुभाई."

भटूला चाकं आठवली. काळी चाकं आणि करडा गोळा. फोटो स्वतःच सांगत होता, की ही तुझ्या मिलची फिल्म नाही. एकोणीस वर्षं एकाच जातीची फिल्म हाताळलेल्या माणसाला दुसरी जात असते हे सुचलंच नव्हतं. आणि ज्याला डोळ्यांनी दिसलं होतं त्याला तो काय बोलून आला होता!

घरी येऊन त्यानं लीलाला सगळं सांगितलं, चहाच्या कपाचंसुद्धा.  लीला पदर खोचून उठली. "माले ते घर दखाड," म्हणाली.

श्रीपतबाबांच्या दारात भटू खाली मान घालून उभा राहिला. बाबांनी विचारलं, "कोणता निघाला?"

"निळा."

"हं," म्हणून बाबा बाजूला सरकले. 

लीला सरळ रंभाबाईसमोर जाऊन बसली. खोली सोडावी लागतेय, मुलीची परीक्षा होईपर्यंत तिला ठेवून घ्याल का, एवढंच विचारलं. भटू दचकला, रस्त्यात ती काही बोलली नव्हती.

रंभाबाईनं भटूकडे पाहिलं. "ठेवीन. पण जेवण आमच्या चुलीवरचं आणि पाणी आमच्या माठातलं. वेगळी भांडी आणायची नाहीत. उद्या तुमच्या गावात कोणी विचारलं तर लपवायचं नाही. कबूल असेल तर बाप बोलू दे, आई नको."

 भावाचा चेहरा, गावचा पार, जमलेले लोक, सगळं भटूच्या डोळ्यांपुढून गेलं.

"अहो," लीला म्हणाली, "बोला ना."

"राहील ती," भटू म्हणाला. "कोणी विचारलं तर सांगेन."

दोन दिवसांनी भटू आणि लीला भुसावळच्या पॅसेंजरनं गावाकडे निघाले. हर्षदा स्टेशनवर आली नाही. ती गणिताचा सराव पेपर सोडवत बसली होती. दोन तिकिटांना पैसे कमी पडले ते श्रीपतबाबांनी खिडकीशी उभं राहून भरले. एकवीस रुपये. ते अजून द्यायचे आहेत.