रिकाम्या टेबलावरचे ठोके

वसुधाताई गेल्याचा निरोप ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर आला. ‘शांत, सोशिक, सर्वांशी जुळवून घेणाऱ्या मॅडम’... मी आबिड्सला पोस्टाबाहेर उभी होते, तिथंच चिडले. वसुधाताई शांत नव्हत्या आणि सोशिक तर मुळीच नव्हत्या. जुळवून घेतलं असतं, तर त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याजवळ फारसं काही राहिलं नसतं.

वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत त्या सर्किट डिझाइन करायच्या आणि मी चाचण्या घ्यायची. ऑपरेशनच्या वेळी हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या मॉनिटरचं काम चालू होतं. ठोक्यांचा सिग्नल संथ असतो. त्यात मिसळणारी वेगवान खरखर गाळून टाकायला त्यांनी स्विच्ड कपॅसिटर फिल्टर निवडला होता. मी नवी होते, तेव्हा त्यांनीच समजावलं होतं, “रेझिस्टरच्या जागी एक इवलासा कपॅसिटर आणि दोन स्विच. स्विच झपाझप उघडझाप करतात, कपॅसिटर थोडाथोडा चार्ज उचलून पुढं देतो. स्विचना ताल देणाऱ्या क्लॉकचा वेग बदलला की गाळायची हद्द बदलते. पण हा फिल्टर सलग बघत नाही गं, मधे मधे डोळा उघडतो. ट्यूबलाइटखाली पंखा कधी कधी संथ, उलटा फिरताना दिसतो ना? तसं क्लॉकच्या वेगाच्या आसपासची खरखर याला संथ लाट वाटते.” म्हणून त्याच्या आधी साधा रेझिस्टर आणि कपॅसिटर हवाच, असा त्यांचा हट्ट होता.

बोर्ड लहान करायचं ठरलं आणि आमच्या डायरेक्टरांनी नेमकी तीच जोडी काढायला सांगितली. “फिल्टर तो हैच ना मॅडम, उसके आगे और एक कायकू?” वसुधाताईंनी सही करायला नकार दिला. भर मीटिंगमध्ये त्यांनी ती जोडी काढलेला बोर्ड मॉनिटरला जोडला, माणसाला लावायच्या तारा रिकाम्या टेबलावर सोडल्या आणि जवळच्या सिग्नल जनरेटरमधून क्लॉकच्या वेगाच्या अगदी लगतची खरखर सोडली. पडद्यावर लाटा उमटल्या... एकसारख्या, संथ. मशीन टिक् टिक् करत ठोके मोजू लागलं.

“पेशंट कौन है?” डायरेक्टरांनी विचारलं.

“कुणीच नाही, सर. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला जे यंत्र वापरतात, त्याची खरखर अशीच वेगवान असते. उद्या टेबलावरच्या माणसाचं हृदय थांबलं, तरी तुमचं मशीन म्हणेल, सब ठीक है.”

पुढच्या आठवड्यात त्यांना डिझाइनमधून काढून स्टोअरमध्ये बसवलं. वाटलं होतं, राजीनामा देतील. त्या रोज वेळेवर आल्या, डबा खाल्ला आणि मॉनिटरच्या प्रत्येक मीटिंगला न बोलावता येऊन बसल्या. “फिल्टरच्या आधी ती जोडी लावली का?” एवढंच विचारायच्या. लोक हसायचे, मग चिडायचे, मग त्यांची नजर चुकवायचे. शेवटी चाचणीला आलेल्या एका सर्जननं तोच प्रश्न विचारला आणि ती जोडी बोर्डावर परत आली. कौतुक दुसऱ्यांचं झालं. मी विचारलं, “ताई, राग नाही येत?”

“येतो की. अजून आहे. राग गेला असता, तर मी सही केली असती.”

निवृत्तीनंतर गौलीगुड्यातल्या घरातली पुढची खोली त्यांनी वर्कशॉप केली. सुलतान बाजारातून सुटे भाग पिशवीभर आणायच्या आणि इंजिनिअरिंगच्या मुलींना शिकवायच्या. तेलुगू, उर्दू, मराठी, ज्या भाषेत समजेल त्या भाषेत. आजारपणातही शिकवणी थांबली नाही, डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, “मुलींनी अजून क्लॉकची खरखर आउटपुटमधून काढलेली नाही.”

परवा मी तिथं गेले. त्यांचे धाकटे भाऊ माधवराव दारात उभे होते. “खोली भाड्यानं द्यावी म्हणतो. हे टेबल न्यायला माणूस येतोय.” टेबलावर सोल्डरिंगच्या चटक्यांचे काळे डाग होते, जिथं ताईंचा उजवा हात टेकायचा तिथं जास्तच. पुढ्यात एक बोर्ड अर्धवट पडला होता.

“टेबल हलणार नाही,” मी म्हटलं. “मुली येतायत. आता मी शिकवणार.”

“अहो, पण ताई गेली...”

“हौ, गेल्या. काम नाही गेलं.”

मी सोल्डरिंगचं आयर्न तापवलं. राळेचा वास खोलीभर पसरला. माधवराव आत गेले आणि मुलींसाठी आणखी एक खुर्ची घेऊन आले.