बाटलीची पिशवी

लंकाबाईच्या हातातली क्रोशाची सुई आणि तोंडातली बडबड एकाच वेगानं चालते, असं तिच्या भावकीतल्या बायका म्हणतात. म्हणताना थोडं जळतातही, कारण पाथर्डीकडच्या त्या गावात तिच्यासारखं तोरण कुणाला जमत नाही. तिचं अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेलं, पण फडावरही कोपीच्या, त्या पाचटाच्या झोपडीच्या तोंडाशी बसून ती विणायचीच. लेकीच्या, सुकन्याच्या रुखवतात मांडायचं तोरण तिनं असंच फावल्या वेळात पुरं केलं होतं. त्यावर मोर, कळस, खाली लाल गोंडे. पेटीत जपून ठेवलेलं.

सुकन्यानं मात्र लग्नाआधी एस.टी.त कंडक्टरची नोकरी धरली. खाकी कपड्यातली लेक पाहून लंकाबाईला आभाळ ठेंगणं झालं. एकच गोष्ट तिला खटकायची. सकाळी दारच्या हापशाचं गोड पाणी बाटलीत भरून द्यावं, तर संध्याकाळी बाटली जशीच्या तशी परत यायची.

"पीत न्हाईस का गं?"

"हात कुठं मोकळा असतो, आई? एका हातात मशीन, दुसऱ्या हातानं दांडा धरायचा. बाटली राहती तिकडं ड्रायव्हरपाशी."

एवढंच ना, असं म्हणून लंकाबाईनं तोरणाचा उरलेला दोरा काढला. बुडाला गोल चकती, वर खांबांच्या उभ्या टाक्यांची घट्ट वीण आणि खांद्यावरून आडवा घालायला रुंद पट्टा. दोरा वापरून लांबतो, म्हणून पट्टा जरा आखूडच ठेवला. सकाळी लेक निघाली तेव्हा तिनं पिशवी पाण्यात चांगली बुचकळली आणि ओलीच तिच्या गळ्यात घातली. फडावर पाण्याच्या कॅनला ओलं गोणपाट गुंडाळतात, त्यानं पाणी गार राहतं; बाईला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. त्या दिवशी सुकन्याचा सदरा एका अंगानं पार भिजला, आणि गाडीतले म्हातारे तिला विचारत राहिले, पाऊस कुठं लागला म्हणून. घरी आल्यावर मायलेकी पोट धरून हसल्या. हसता हसता लंकाबाईनं बाटली उचलली, तर ती भरलेलीच.

आता हातांची अडचण नव्हती. लंकाबाईनं लेकीला चुलीपुढं बसवलं.

"खरं सांग, सुके. जायला जागा न्हाई म्हनून पीत न्हाईस ना?"

सुकन्यानं मान खाली घातली. "शेवटच्या थांब्याला नुसतं लिंबाचं झाड हाय. पारावर गडी बसल्याले. कुठं जाऊ?"

लंकाबाईला भडभडून आलं. फडावर तिनंही हेच केलं होतं. अंधार पडेपर्यंत घोटभरसुद्धा प्यायची नाही. पुढं मुतखड्यानं गडाबडा लोळायची वेळ आली. ज्या जिण्यातून लेक सुटावी म्हणून तिला शिकवलं, त्यातलं हे एक दुखणं लेकीच्या मागं मागं आलंच होतं. तिला फार वाईट वाटलं, आणि मग राग आला. राग आल्यावर लंकाबाई घरात बसून राहत नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीकडूनच अर्धं तिकीट घेऊन ती गाडीत बसली ती थेट शेवटच्या थांब्याला उतरली. लिंबापलीकडे एका घराच्या कडेला पत्र्याचा संडास दिसला. अंगणात गोजरबाई नावाची बाई शेंगा फोडत होती. लंकाबाईनं आधी पाणी मागितलं. तिथलं पाणी मचूळ, पण तिनं तांब्या रिकामा केला.

"बाई, ह्या गाडीवर माझी लेक हाय. रोज घडीभर तिला तुमच्या घरी येऊ द्याल का? बाईमानसाची अडचन तुमाला काय सांगावी."

"त्यात इचारायचं काय? लेकीबाळींला कुनी न्हाई म्हनतं व्हय?"

तेव्हा लंकाबाईनं सोबत आणलेल्या कापडी पिशवीतून तोरण काढून तिच्या ओटीत ठेवलं.

गोजरबाईनं मोरावरून बोट फिरवलं. "अवो, हे तर रुखवताचं."

"लेकीसाठीच इनलं हुतं. लेकीच्याच कामी येतंय."

परतीच्या वाटेवर सुकन्या तिकिटं देत देत आईच्या बाकाशी आली आणि तोरणाचं ऐकून म्हणाली, "मग माझ्या रुखवतात काय मांडशील?"

"बाटलीची पिशवी मांडीन," लंकाबाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसून खिडकीबाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुकन्यानं पिशवी खुंटीला अडकवली आणि तोंड धुवायला गेली. लंकाबाईनं पिशवी खाली काढली. जड होती. बाटली गळ्यापर्यंत भरलेली. तोरण गेलं ते गेलं, पण पोरगी आजही कोरड्या घशानंच हिंडली. पाणी तुळशीला घालावं म्हणून तिनं झाकण काढलं आणि सवयीनं आधी एक घोट घेतला.

पाणी मचूळ होतं.

लंकाबाई तिथंच उंबऱ्यावर टेकली आणि ती बाटली सावकाश पिऊन संपवली.